न पाहिलेली कुस्ती

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येकीच्या घरात भिंतीवर फोटो असतात. देवांचे असतात, गेलेल्या वडीलधाऱ्यांचे असतात, मुलांचे स्नेहसंमेलनातले असतात. पण एखाद्या घरी असाही एक फोटो असतो, की जो देवाचा नाही आणि नात्यातल्या माणसाचाही नाही. तरी रोज सकाळी फडका त्याच्यावरून फिरतो. आमच्या नांदेडच्या घरात बैठकीच्या खोलीत असा एक फोटो आहे. त्या फोटोची आणि त्याच्याभोवती जमलेल्या आठवणींची ही गोष्ट.

२००९ साली मी लग्न होऊन या घरात आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडायचं चाललं होतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पुढे आणि मी मागे. विठोबा झाला, आजेसासऱ्यांचा फोटो झाला. त्याच्या शेजारी भरदार छातीच्या एका तरुणाचा, वर्तमानपत्रातून कापून काचेत बसवलेला फोटो होता. असतील कुणी चुलत सासरे, असं समजून मी पदर सावरला आणि त्यालाही वाकून नमस्कार केला. मागे नणंदांची खसखस पिकली.

"अगं वहिनी, ते हरिश्चंद्र बिराजदार! पैलवान! आणि चांगले हयात आहेत, पुण्याला असतात."

मी लाजून चूर. त्यातून मी लातूरची लेक. नाव लहानपणापासून कानावर होतं, पण चेहरा ओळखला नाही. आता सासरे काय म्हणतील म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. आमचे सासरे, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, मुळीच हसले नाहीत.

"केलास तो नमस्कार बरोबर केलास," ते म्हणाले. "आपलाच माणूस आहे तो."

तुमच्यापैकी कुणाला हे नाव नवीन असेल तर थोडक्यात सांगते. हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. शेतकऱ्याच्या मुलखातलं साधं गाव. त्या काळात कुस्ती म्हटली की कोल्हापूर, सांगली, सातारा. कोल्हापूरला शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हा पैलवान तिकडचेच, असं सगळे धरून चालायचे. आमच्या मराठवाड्याचं नाव निघायचं ते दुष्काळासाठी, नाहीतर निजामाच्या आठवणींसाठी. अशा मुलखातून हा मुलगा कोल्हापूरला गेला, तिथल्या मातीत घाम गाळला आणि १९६९ साली 'महाराष्ट्र केसरी' झाला. तेव्हा त्याचं वय होतं विशीच्या आतबाहेर.

यातली गंमत पाहा. 'महाराष्ट्र केसरी'ची स्पर्धा राज्य कुस्तीगीर परिषदेनं १९६१ साली सुरू केली आणि ती दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरायची. १९६९ साली ती भरली नेमकी लातूरला! लातूर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हतं, उस्मानाबाद जिल्ह्यात होतं; जिल्हा झालं ते १९८२ साली. म्हणजे आपल्याच मुलखातल्या पोरानं, आपल्याच लोकांसमोर, साऱ्या महाराष्ट्राची कुस्ती मारली. लग्नघरच्या मांडवात नवरदेवही घरचाच असावा, तसं झालं म्हणा ना.

पुढच्याच वर्षी, १९७० साली, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. भारतानं तिथे पाच सुवर्णपदकं मिळवली आणि पाचही कुस्तीत. त्यातलं एक बिराजदारांचं. पुढे ते हिंदकेसरी झाले, 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. १९७७ साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. हाच सतपाल पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून गेला. यावरून त्या कुस्तीचं वजन ध्यानात येईल. त्यानंतर बिराजदार पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून राहिले आणि त्यांनी पोरं घडवली. २००६ साली त्यांना केंद्र सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

ही झाली पुस्तकातली माहिती. पण आमच्या घरातला बिराजदार पुस्तकातला नाही. तो मामांच्या गोष्टीतला आहे.

मामांचं गाव औसा तालुक्यातलं. नोकरीच्या निमित्तानं ते नांदेडला आले आणि इथलेच झाले. १९६९ साली ते बारा-तेरा वर्षांचे होते. वडील आणि दोन चुलत्यांबरोबर बैलगाडीनं ते लातूरला कुस्त्या पाहायला गेले. ही गोष्ट मी या घरात पंधरा-सोळा वर्षांत किती वेळा ऐकली असेल, त्याला हिशेब नाही. पाहुणे आले की गोष्ट, वीज गेली की गोष्ट, नातवंडं जेवेनाशी झाली की गोष्ट. पहाटे गाडी जुंपली ती कशी, वाटेत चाक कुठे निसटलं, गर्दी किती, लोक झाडांवर आणि भिंतींवर कसे चढले होते, हलगी कशी कडाडत होती. मग बिराजदार आखाड्यात उतरले. मामा इथे उठून उभे राहतात आणि मांडीवर शड्डू ठोकतात. आता वयोमानानं मांडीवरचं मांस गेलंय, आवाज निघत नाही. मग जवळच्या पाटावर थाप मारून आवाज काढतात. कुस्ती लागली. याचा हात त्याच्या मानेवर, त्याचा हात याच्या मानेवर. सगळं मैदान श्वास धरून बसलेलं.

"आणि मग एकच गलका झाला!" मामा म्हणतात. "फेटे उडाले गं आभाळात! दोन्ही चुलत्यांचे फेटे गेले ते परत सापडले नाहीत."

गोष्ट इथे संपते. डाव कोणता बसला, ते मामा कधी सांगत नाहीत. माझ्याही ते पुष्कळ वर्षं ध्यानात आलं नाही.

दिवाळीला, उन्हाळ्यात मी लातूरला माहेरी जाते. हा लेख लिहायचं मनात आलं तेव्हा मी मुद्दामच जुन्या लोकांना विचारायला लागले. वडिलांचे मित्र, गल्लीतले आजोबा, चहाच्या हॉटेलात बसणारी मंडळी. बिराजदार म्हटलं की चेहरे कसे उजळायचे म्हणून सांगू! एक निवृत्त गुरुजी म्हणाले, एडिंबरोची बातमी दैनिक 'मराठवाडा'त वाचली आणि शाळेत जगाचा नकाशा भिंतीला टांगून पोरांना ते गाव शोधायला लावलं. अर्धा तास कुणाला सापडलं नाही. शेवटी चौथीतल्या एका पोरानं बोट ठेवलं, तर गुरुजींनी त्याला खिशातली चार आण्याची नाणी बक्षीस दिली. एस. टी. तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर म्हणाले, निलंग्याच्या गाडीत एखादा बाहेरगावचा प्रवासी असला, की ते स्वतःच त्याला सांगायचे, "बिराजदार पैलवानाचं गाव याच तालुक्यात बरं का." भाजीबाजारात निलंग्याकडची एक आजी मेथी विकायला बसते. तिला विचारलं तर म्हणाली, "आमच्या अंगचा हाय त्यो," आणि मेथीची एक पेंडी वर घातली.

एक गोष्ट मात्र मजेची. १९६९ च्या कुस्तीत डाव कोणता, हे विचारलं, तर एक आजोबा म्हणाले ढाक. दुसरे म्हणाले छे छे, एकेरी पट. तिसरे म्हणाले, तुम्हाला दोघांनाही काही कळत नाही, घिस्सा होता घिस्सा! आणि तिघंही अगदी पहिल्या रांगेत बसून पाहत होते. मी ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळेच पहिल्या रांगेत होते. ती रांग लातूरपासून निघून थेट औशाच्या किल्ल्यापर्यंत गेलेली असणार!

पण त्या एवढ्या लांबलचक रांगेत बाई एकही नव्हती.

हे माझ्या ध्यानात आलं ते आत्याबाईंमुळे. त्यांचं माहेर निलंगा तालुक्यातलं, मुदगडपासून दोन-तीन कोसांवर. १९६९ साली त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. मामांची गोष्ट चालू असली की त्या स्वयंपाकघरात असायच्या. मी एकदा सहज विचारलं, "आत्याबाई, तुमच्याकडचं कुणी गेलं होतं का हो लातूरला?"

"सगळे बापे गेलते की," त्या म्हणाल्या. "आम्ही रात्रभर दशम्या केल्या."

मग त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या आईनं आणि चुलतीनं रात्री दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, वर कांदे बांधून दिले. आठ-नऊ वर्षांच्या आत्याबाई चुलीपुढे बसून जाळ सारत होत्या आणि दशम्या मोजत होत्या. साठावर चार झाल्या. माणसं गेली. वाडा सुना झाला. दुसऱ्या दिवशी माणसं परत आली ती नाचतच. आईनं गाठोडं सोडून पाहिलं तर दशम्या बहुतेक तशाच! आनंदाच्या भरात कुणाला भूकच लागली नव्हती. मग त्या दशम्या दोन दिवस घरातल्या बायांनी खाल्ल्या.

"आमच्या वाट्याला कुस्ती आली ती अशी," आत्याबाई म्हणाल्या आणि हसल्या. "शिळी दशमी आणि शेंगाची चटणी."

मैत्रिणींनो, आपण स्वयंपाकघरातल्या. तेव्हा पैलवान घडतो कसा, हे आपल्याला आपल्या हिशेबानंच कळतं. तालमीत पहाटे शेकड्यानं जोर आणि बैठका. आखाड्याची माती म्हणजे नुसती माती नव्हे. लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मुरवायची, म्हणजे अंगाला खरचटलं तरी सलत नाही. आणि या मेहनतीला लागतो तो खुराक. दूध लिटरच्या मापानं, तूप, रात्री भिजत घातलेले बदाम सोलून, खसखस आणि मिऱ्यांबरोबर वाटून केलेली थंडाई. आज आपण मुलांना पाच-सहा बदाम भिजवून देताना किलोचा भाव आठवतो. तेव्हा कोरडवाहू शेतीवरच्या घराला हा खुराक कसा परवडत असेल? एका पैलवानामागे एक म्हैस आणि त्या म्हशीमागे दोन बाया उभ्या असायच्या, असं आत्याबाई म्हणतात. वैरण, धारा, शेण, तापवणं, विरजण, घुसळण. बापे मैदानात, पण मैदानापर्यंतची सगळी वाट बायांच्या हातची.

१९७२ साली मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला किंवा बाजारात गेली, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. खायला परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. आत्याबाई बाराव्या वर्षी आईबरोबर खडी फोडायला जात होत्या. त्या सांगतात, दुपारच्या सुट्टीत बाया लिंबाखाली बसल्या की बिराजदाराचं नाव निघायचं. कुणी बाई म्हणायची, आपल्या मुदगडच्या पोरानं समुद्रापलीकडच्या पैलवानांना आडवं केलं म्हणं. दुसरी विचारायची, त्याची माय त्याला काय खाऊ घालत असंल बाई? यावर पुष्कळ वेळ चर्चा चालायची. कुणी दूध म्हणायची, कुणी तूप, कुणी नुसतीच नशीब म्हणायची. पोटात मिलोची भाकरी आणि तोंडी तुपाच्या गप्पा! पण तेवढ्या वेळापुरतं बरं वाटायचं, असं आत्याबाई म्हणतात.

१४ सप्टेंबर २०११ ला बिराजदार पुण्यात गेले. मला तो दिवस नीट आठवतो, कारण मला तेव्हा सहावा महिना चालू होता. ह्यांनी बातमी सांगितली. मामांनी काही न बोलता पुढ्यातलं ताट बाजूला सारलं आणि अंगणात जाऊन बसले. आत्याबाईंनी त्यांना जेवा म्हटलं नाही. संध्याकाळी त्यांनी फोटोपुढे समई लावली. फोटोला हार घालू का, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, "नको. हार घातला की तो गेल्यासारखा होईल." आजतागायत त्या फोटोला हार नाही.

डिसेंबरात आमची मुलगी झाली. 'पैलवान आला असता' असं शेजारच्या एक काकू म्हणून गेल्या, ते मी मनावर घेतलं नाही.

२०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे तिथे सुवर्णपदक जिंकला. हा राहुल बिराजदारांच्या तालमीतला, त्यांनी लहानपणापासून घडवलेला. पुढे त्याला बिराजदारांचेच शिष्य, लातूर जिल्ह्याचे काका पवार यांनी शिकवलं. राहुलनं आपलं पदक गेलेल्या गुरूला वाहिलं. आमच्या घरी त्या दिवशी पेढे! मामांनी फोटोपुढे एक पेढा ठेवला, आणि सहा वर्षांच्या नातीला समोर उभं करून शड्डू ठोकायला शिकवलं. पोरीची मांडी इवलीशी, पण आवाज असा काही निघाला की मामा म्हणाले, "वा! अस्सल!"

आता मैत्रिणींनो, पोरीला शड्डू शिकवला की ती कधीतरी आखाड्यात उतरायचं म्हणणार, हे आम्हा मोठ्यांच्या ध्यानात यायला नको होतं का?

२०२३ सालच्या फेब्रुवारीत ती पाचवीत होती. एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आई, आमचे सर मुलींची कुस्ती घेणारेत. मी नाव देऊ?"

घरात एकदम शांतता. हे माझ्याकडे पाहायला लागले, मी मामांकडे. मला वाटलं, मामा आनंदानं पाटावर थाप मारतील. तर ते म्हणाले, "नको. पाहायची आवड वेगळी आणि खेळायचं वेगळं. पैलवानाचे कान पाहिलेत ना? घासून घासून मोडतात ते, परत सरळ होत नाहीत. पोरीची जात आहे. उद्या हात मोडला, दात पडला, तर?"

आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. मी बी. ए. झालेली, अर्धवेळ का होईना शाळेत शिकवते, सावित्रीबाईंच्या जयंतीला मुलींपुढे भाषण करते. पण नकार मामांनी दिला, मला द्यावा लागला नाही, म्हणून मी सुटले. हे मी तुम्हाला सांगते आहे, कारण तुमच्यापैकी कुणीतरी असं सुटल्याचा निःश्वास टाकला असेल. पोर मात्र खोलीत जाऊन उपाशी झोपली.

रात्री आत्याबाई दूध तापवत होत्या. मी ओटा पुसत होते. त्या एकाएकी म्हणाल्या, "तुला माझ्या दादाचं कधी सांगितलं नाही मी."

बिराजदार 'महाराष्ट्र केसरी' झाले आणि त्या भागातल्या गावागावांतली पोरं लंगोट बांधून तालमीत जायला लागली. आत्याबाईंचा थोरला भाऊही त्यात. घरात म्हैस एक. सकाळचं दूध विकायला, संध्याकाळचं दादाच्या खुराकाला. आत्याबाईंना तोवर निजताना वाटीभर दूध मिळायचं, ते बंद झालं.

"मी रडले नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, दादा बिराजदारावानी होईल. मग ते दूध माझंबी आहे त्यात. तीन वर्षं मी रोज दादाला तांब्या नेऊन दिला. मग बहात्तरचा दुष्काळ आला. म्हैस विकली. दादा खडी फोडायला आला आमच्यासंगं. त्याची कुस्ती सुटली ती सुटलीच."

दूध वर आलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"दादावर राग नाही माझा. बिराजदारावर तर नाहीच नाही. पण ह्या घरात आता म्हैस विकायची वेळ नाही आली. ह्या पोरीच्या वाट्याचं दूध ह्या पोरीला मिळू द्या."

एवढं बोलून त्यांनी पेला भरला, साखर घातली, आणि नातीच्या खोलीत गेल्या. मी तिथेच उभी राहिले. पंधरा वर्षं होत आली होती त्यांच्या हाताखाली वावरून, आणि ही गोष्ट मला पहिल्यांदा कळत होती. मामांना तर लग्नाला चार तपं उलटून गेली तरी माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ती त्यांना सांगितली. ते काही बोलले नाहीत. नुसते फोटोकडे पाहत बसले.

पुढच्या महिन्यात, म्हणजे मार्च २०२३ मध्ये, सांगलीला पहिली महिला 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाली. पुरुषांची सुरू झाली १९६१ साली. बायकांची व्हायला बासष्ट वर्षं लागली. अंतिम कुस्ती सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि कल्याणची वैष्णवी पाटील यांच्यात. आम्ही सगळे ह्यांच्या मोबाइलपुढे दाटीवाटीनं बसलो. आत्याबाईसुद्धा! हातात निवडायची मेथी घेऊन का होईना, पण बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुस्ती पाहत होत्या.

ऐन मोक्याला आमची पोर उडी मारून उभी राहिली आणि मोबाइल तिच्या पाठीआड गेला. प्रतीक्षा जिंकली, तिकडे गलका झाला, पोर नाचायला लागली.

"अगं बस ना खाली! दिसलं नाही मला!" मामा ओरडले. आणि मग काय झालं कोण जाणे, ते हसायलाच लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"लातूरलाबी असंच झालतं," ते म्हणाले. "माझ्यापुढं एक दांडगा माणूस होता, भला मोठा फेटा घातलेला. ऐन वेळेला तो उठून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, पण ऐकतोय कोण! मला फक्त गलका ऐकू आला. डाव काय बसला ते मी पाहिलंच नाही."

आम्ही सगळे अवाक्. चौपन्न वर्षं सांगितलेली गोष्ट!

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"काय बोलू? सगळ्यांनी पाहिलेलं. मीच एकटा राहिलो होतो."

मला लातूरचे ते तीन आजोबा आठवले. ढाक, एकेरी पट आणि घिस्सा. त्यांतल्या किती जणांपुढे फेटा उभा राहिला असेल, देव जाणे!

आत्याबाईंनी मेथीची काडी मोडली. "म्हणजे तुम्हीबी नाही पाहिली, मीबी नाही पाहिली," त्या म्हणाल्या. "मी आपल्या उगाच तुमचा हेवा करत राहिले."

मामा बराच वेळ गप्प होते. मग नातीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सरांना सांग, नाव घाला म्हणून. पण एक कबूल कर. तुझी कुस्ती असली की मला आणि आजीला पुढं बसवायचं. पुढं म्हणजे अगदी पुढं."

आता ती आठवीत आहे. पदक अजून एकही नाही. तालुक्याच्या पुढे गेलेली नाही. एकदा करंगळी मुरगळली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण मी आत्याबाईंकडे पाहिलं आणि गप्प बसले. कान अजून शाबूत आहेत. सकाळी सहा भिजवलेले बदाम, एक पेला दूध, शाळेतून आल्यावर ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ, एवढाच आमच्या घरचा खुराक. कुस्ती असली की मामा आणि आत्याबाई दोन तास आधी जाऊन पुढची जागा धरतात. जाताना आत्याबाई दशम्या करून घेतात. आता त्या परत येत नाहीत. तिथेच पोरींमध्ये वाटून संपतात.

फोटोला अजून हार नाही. काल फडका मारताना पोर म्हणाली, "आई, तू खरंच यांना चुलत सासरे समजलीस?"

"हो गं," मी म्हटलं.

"मग माझे ते कोण? चुलत आजोबा?"

मामा आतून म्हणाले, "हो. सांग सगळ्यांना तसंच."

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही भिंतीवर असा एखादा फोटो असेल. पैलवानाचा असेल, गायकाचा असेल, खेळाडूचा असेल. तो कुणी लावला आणि का, ते एकदा विचारा. आणि विचाराल तेव्हा बैठकीच्या खोलीत विचारून थांबू नका. स्वयंपाकघरातही जा. तिथेही कुणीतरी त्याच माणसावर आयुष्यभर जीव लावलेला असतो, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नसतं.